टाकला, फेकला, मारला

मराठीत गोलंदाज चेंडू टाकतो आणि क्षेत्ररक्षक तोच चेंडू फेकतो. जोराचा हिशेब लावायचा तर हे उलटे व्हायला हवे होते, कारण तेज गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू सीमारेषेवरून आलेल्या फेकीपेक्षा बहुधा जास्त वेगाने जातो. पण गोलंदाजाने चेंडू 'फेकला' असे क्रिकेटच्या मराठीत म्हटले, की ते वर्णन राहत नाही, आरोप होतो. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्नच्या कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनचे सात चेंडू फेक मानून नोबॉल ठरवले. पुढे कित्येक वर्षे 'फेकी गोलंदाजी' हा शब्द मराठी क्रीडापानांवरून हलला नाही. चेंडू सोडताना कोपर किती अंशांनी सरळ होते, यावर वाद, चाचण्या आणि मोजमापे झाली. अखेर आयसीसीने सर्वच गोलंदाजांसाठी १५ अंशांची मर्यादा ठरवली आणि मुरलीधरन ८०० कसोटी बळी घेऊन निवृत्त झाला. मराठी माणसाने मात्र कोनमापक हातात न घेताच हा फरक दोन क्रियापदांत वाटून ठेवला होता.

जोराने एखादी वस्तू दूर धाडण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. टाकणे, फेकणे, भिरकावणे, झुगारणे, झोकणे, उधळणे, सोडणे, मारणे, हाणणे, लोटणे आणि आपटणे एवढे तर सहज आठवतात. त्यांना जोराच्या चढत्या क्रमाने मांडायचा मोह होतो, पण तो क्रम जमत नाही. टाकणे कधी अलगद असते, कधी बाँब टाकण्याइतके भयानक. फेकणेही तसेच. रद्दीचा कागद केराच्या टोपलीत फेकतात आणि भालाही फेकतात. फरक दुसरीकडेच दडला आहे. हातातून सुटलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याच्याशी सोडणाऱ्याचा संबंध किती उरतो, यावर मराठी क्रियापद निवडते.

मारणे घ्या. 'दगड मारला' म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कुणाला? 'दगड फेकला' म्हटल्यावर हा प्रश्न येईलच असे नाही. फार तर कुठे, किती लांब, असे विचारले जाईल. मारण्याला लक्ष्य लागते, फेकण्याला दिशा पुरते. फेकणारा नेम धरतच नाही असे नव्हे. यष्टींवर नेम धरूनच क्षेत्ररक्षक फेकतो. पण तो नेम सांगण्यासाठी समालोचकाला जादा शब्द जोडावा लागतो: 'थेट फेक', 'अचूक फेक'. नुसत्या 'फेक'मध्ये नेमाची हमी नाही. म्हणूनच चिडलेली आई मुलाला 'लाटणं फेकून मारीन' असा दम भरते. नुसते 'फेकीन' म्हणून भागत नाही, कारण मग मुलाला वाटेल लाटणे फेकले जाणार आहे, आपल्याला लागणार नाही.

या फरकाचा सर्वांत रोकडा पुरावा मध्य प्रदेशात आहे. नागपूरच्या उत्तरेला, २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यात मराठी बोलणारी वस्ती मोठी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव अशी दोन गावे समोरासमोर उभी राहतात. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि तो काढून नेण्यासाठी दिवसभर दगडांचा वर्षाव होतो. या गावचा मुलगा, त्या गावची मुलगी, दोघांचे पळून जाणे आणि नदीत गाठले जाणे, अशी कहाणी त्यामागे सांगतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत. या मेळ्याचे नाव गोटमार आहे, गोटफेक नाही. नाव ठेवणाऱ्यांनी काहीच झाकलेले नाही.

वर्तमानपत्री 'दगडफेक' हा शब्द याच्या अगदी उलट टोकाला बसतो. 'मोर्चाला हिंसक वळण, दगडफेकीत चार बसगाड्यांच्या काचा फुटल्या' या धाटणीच्या वाक्यात दगड आहेत, काचा आहेत, पण हात नाहीत. पाऊस होतो तशी दगडफेक 'होते'. पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या भाषेला हा शब्द सोयीचा पडतो, कारण तो कुणी कुणाला मारले हे न सांगता घडलेले सांगतो. त्याच दगडाने ज्याचे डोके फुटले, तो माणूस दवाखान्यात 'दगडफेक झाली' म्हणत नाही. तो म्हणतो, 'दगड मारला'.

भारताच्या राजकीय इतिहासातली एक गाजलेली फेक तर थेट मराठी आहे. २७ डिसेंबर १९०७ रोजी सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून जहाल आणि मवाळ यांची जुंपली होती. लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर येऊन उभे राहिले, गोंधळ माजला, आणि सभेतून एक जोडा हवेतून आला. तो आधी सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि मग फिरोजशहा मेहतांवर आपटला. तिथे हजर असलेले इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी त्या जोड्याचे बारकाईने वर्णन केले आहे. लाल कातड्याचा, टोकदार चवड्याचा, तळाला शिसे ठोकलेला असा तो मराठी जोडा होता. पाठोपाठ खुर्च्या आणि काठ्या चालल्या, अधिवेशन उधळले आणि काँग्रेस दुभंगली. मराठीत या प्रसंगाविषयी लिहिताना 'जोडा भिरकावला' हेच क्रियापद मनात येते आणि ते योग्यच आहे. भिरकावण्यात गिरकी आहे, संताप आहे आणि नेमाबद्दलची बेफिकिरी आहे. एकाच जोड्याने दोन पुढारी गाठले यात नेमबाजीपेक्षा नशिबाचाच भाग मोठा दिसतो. हा जोडा नेमका कोणासाठी होता, हा वाद त्यामुळेच शिल्लक राहिला.

भिरकावणे हे मुळात शेतातले क्रियापद वाटते. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभा राहून पाखरे राखणारा गोफण डोक्याभोवती गरगर फिरवतो आणि एक दोरी सोडतो. गोफणगुंडा भिरभिरत जातो. राखणदाराला पाखरू मारायचे नसते, उठवायचे असते. गुंडा कणसांच्या पलीकडे कुठेही पडला तरी काम झाले.

समुद्रकाठी गोष्ट वेगळी होते. कोकणात उथळ पाण्यात मासे धरायला वापरतात तो पाग, म्हणजे काठाला शिशाच्या गोळ्या लावलेले गोल जाळे, पूर्ण ताकदीने आणि अंगाला पीळ देऊन हवेत सोडावे लागते. नाहीतर ते उलगडत नाही आणि गुंडाळीच पाण्यात पडते. एवढा जोर लावूनही जाळे टाकतात, गळ टाकतात, जहाजाचा नांगरही टाकतात, कारण या सगळ्यांची दोरी टाकणाऱ्याच्या हातात राहते. जाळे 'फेकले' म्हटले तर ते फाटके असावे आणि आता घरी परत येणार नाही, असे वाटेल. गोव्यात कोकणी माणूस मात्र 'उडोवप' या एकाच क्रियापदावर बरेच काही भागवतो. पलीकडे मराठीत उडवणे म्हणजे पतंग, पैसे किंवा कोणाची तरी टर.

टाकण्याचा पसारा एवढा मोठा आहे, की भांडणेही त्यावरूनच जास्त होतात. जुन्या वळणाच्या घरात सुनेने 'आमटीत मीठ टाकलं' म्हटले की सासूबाई दुरुस्त करतात, 'टाकतात ते उकिरड्यावर. आमटीत घालतात.' घालणे आणि टाकणे यांतली ही रेघ आता पुसत चालली आहे. पाककृतींच्या व्हिडिओंत मोहरीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळे 'टाकायचे' असते आणि शुद्धतेचा आग्रह धरणारे त्यासाठी हिंदीच्या 'डालना'ला जबाबदार धरतात. या तक्रारीत तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. टाकणे हे मराठीतही कधी नुसते विसर्जनाचे क्रियापद नव्हते. पत्त्यांच्या डावात पान टाकतात, सारीपाटात फासे टाकतात, पाऊल टाकतात, कटाक्ष टाकतात, अंगावर जबाबदारी टाकतात. हात मागे घेऊन वस्तू तिच्या जागी सोपवणे हा अर्थ तिथे आधीपासून होताच. सासूबाईंचा कान मात्र दुसऱ्या अर्थावर लागलेला असतो आणि तोही खोटा नाही. 'टाकलेली' हे नवऱ्याने सोडलेल्या बाईला लावले जाणारे विशेषण, 'टाकून बोलणे' आणि 'टाकाऊ' ही त्याच अर्थाची, कानाला टोचणारी पिल्ले.

आणखी एक जागा टाकण्याने पटकावली आहे, ती म्हणजे दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीमागची. 'सांगून टाकले', 'विकून टाकले', 'एकदाचे लग्न करून टाकले'. इथे हातात काहीच नाही आणि काहीच पडत नाही, तरी मनावरचे ओझे उतरल्याचे नेमके कळते. गंमत म्हणजे जोराच्या फेकीची क्रियापदे स्वतः मात्र बहुधा 'टाकणे' न घेता 'देणे' जोडून घेतात: फेकून देणे, भिरकावून देणे, झुगारून देणे, झोकून देणे. देण्यात घेणारा असावा लागतो. इथे तो नाही, तरीही देणेच.

टाकणे आणि देणे या दोघांपूर्वी सोडून देण्याचे काम 'सांडणे' करीत होते. ज्ञानेश्वरीच्या मराठीत सांडणे म्हणजे सोडणे, त्यागणे. अहंकार सांडावा, विषय सांडावेत, असा त्याचा वापर. आज दूध सांडते आणि तेही चुकून. हेतुपुरस्सर केलेली क्रिया शतकांच्या प्रवासात अपघात होऊन बसली. जुना अर्थ पूर्ण मेला मात्र नाही. मुद्दाम बाहेर सोडले जाते ते सांडपाणी, आणि धरण भरले की पाणी जिथून ठरवून सोडतात तो सांडवा.

झुगारण्याला फेकीपेक्षा बंडाचा वास जास्त येतो. बैल मान झटकून जू झुगारतो, ही त्याची मूळ जागा वाटते. तिथून ते क्रियापद हुकूम, बंदी, रूढी यांच्याकडे सहज गेले आणि स्वातंत्र्यलढ्याच्या व सामाजिक चळवळींच्या मराठीत जाऊन पक्के बसले. झुगारायची वस्तू आधी अंगावर असावी लागते. हातातले कोणी झुगारत नाही. झोकणे त्याच्या शेजारचे, पण दिशा उलटी. तिथे फेकणारा स्वतःच फेकला जातो. माणूस कामात स्वतःला झोकून देतो, नदीत झोकून देतो, आणि संध्याकाळी झोकतो तो द्रवपदार्थ वेगळाच.

उधळण्यात जोर आहे, पण एकाच ठिकाणी पोचायचे नाही. जेजुरीला भंडारा उधळतात, विसर्जनाला गुलाल उधळतात, नादान वारस इस्टेट उधळतो, बुजलेला घोडा उधळतो आणि नको असलेली सभा उधळून लावतात. लग्नातल्या अक्षता मात्र टाकायच्या असतात. निदान पुढच्या रांगेतल्यांनी तरी. मागच्या रांगेतली मंडळी 'शुभमंगल सावधान' ऐकू येताच त्या फेकतात आणि त्या वधूवरांऐवजी मधल्या काकूंच्या अंबाड्यात पडतात.

मैदानी खेळांनी फेकीला प्रतिष्ठा दिली. भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक, हातोडाफेक असे चार सामासिक शब्द शाळेच्या क्रीडादिनापासून ऑलिंपिकपर्यंत चालतात. त्यांतले दोन तंत्राच्या दृष्टीने थोडे फसवे आहेत. हातोडाफेकीत हातोडा नसतो, तारेला जोडलेला धातूचा जड गोळा असतो. आणि गोळाफेकीत गोळा फेकायला तर नियमानेच बंदी आहे. तो मानेजवळ धरून खांद्यापासून पुढे ढकलावा लागतो, खांद्यामागे नेऊन फेकला तर प्रयत्न बाद. खरे तर हा गोळालोट. पण शब्द रूढ झाला तो झाला. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर अंतर गाठून रौप्यपदक मिळवले तेव्हा मराठी मथळ्यांत 'गोळाफेक'च होती आणि ते कुणालाही खटकले नाही. त्याआधी ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर रुतला. या खेळांत लक्ष्य नसते, अंतर असते. भाला कशालाही लागायचा नसतो. फेकणे हे क्रियापद इथे तंतोतंत बसते. धनुर्धर मात्र बाण फेकत नाही, सोडतो. तिथे ताकद प्रत्यंचेची असते, माणसाने फक्त तिला मोकळे करायचे.

रंगभूमीनेही फेक आपलीशी केली आहे. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवावे लागे. 'संवादफेक', 'शब्दफेक', 'आवाजाची फेक' हे शब्द नाट्यसमीक्षेत आजही कौतुकाने वापरले जातात, कॉलर माइक आल्यानंतरही. भाल्यासारखेच इथे अंतराला मोल आहे.

संस्कृतात फेकण्याचा धातू क्षिप्. मराठीत त्याची इतकी रूपे रुजली आहेत, की त्यांत फेक आहे हे सहसा लक्षातच येत नाही. मध्येच हात फेकला की हस्तक्षेप, जवळ जवळ आणून फेकले की संक्षिप्त, इकडेतिकडे फेकले गेलेले मन विक्षिप्त, पोथीत मागाहून कुणीतरी फेकलेली ओवी प्रक्षिप्त. 'दृष्टिक्षेप टाकणे' या लाडक्या शब्दप्रयोगात नजर दोनदा फेकली जाते आणि तरी कुणालाच लागत नाही. वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांतले पहिले दोन उत्क्षेपण आणि अवक्षेपण, म्हणजे वर फेकणे आणि खाली फेकणे. पुढचे आकुंचन, प्रसारण आणि गमन. जगातल्या सगळ्या हालचालींची वर्गवारी करायला बसलेल्या माणसाने सुरुवात फेकण्यापासून करावी, याचे नवल वाटते. त्यातले 'अवक्षेपण' आता रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात द्रावणाच्या तळाशी बसलेल्या साक्याच्या रूपाने भेटते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि घराघरांत 'प्रक्षेपण' पोचले. तोच शब्द अग्निबाणालाही लागतो. एकच शब्द मालिकेला आणि उपग्रहाला कसा, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही, कारण दोन्ही वरच जातात.

फारसीची वाट याला समांतर चालते. तिथे 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. त्याचे 'अंदाज' हे अंग लागून तिरंदाज झाला, बरकंदाज झाला आणि तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाजही झाला. पेशवाईतला गोलंदाज तोफखान्यावर असे. तोफा गेल्या, शब्द रिकामा झाला, आणि क्रिकेट आल्यावर त्याला पुन्हा काम मिळाले. म्हणजे ज्याने फेकले तर पंच हात आडवा करतो, त्याच्या नावातच फेक आहे. संस्कृत हस्तक्षेपाला फारसीत जोडीदार आहे 'दखलअंदाजी'. दोन्ही भाषांनी आगाऊपणाला फेकण्याचीच क्रिया बहाल केली.

बोलण्यातली फेक सर्वांत ताजी, निदान चलनात तरी. 'जास्त फेकू नको', 'काय फेकतोय', 'लांब लांबच्या फेका' हे मुंबईच्या लोकलपासून नागपूरच्या पानठेल्यापर्यंत सारखेच समजते. खोटेपणासाठी मराठीत आधीपासून दणकट सामग्री होती: थापा मारणे, बाता मारणे, पुड्या सोडणे. त्यांच्याशी फेकण्याची तुलना केली की पुन्हा तीच जुनी वाटणी दिसते. थाप मारली जाते ती कोणाला तरी, काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी. उसने पैसे मागणारा थाप मारतो. पुडी सोडणारा ती कुठवर जाते हे मागे राहून पाहतो. फेकणारा यांतले काहीच करत नाही. आपण पाहिलेला वाघ, आपली गाडी, आपल्या ओळखीतला मंत्री, हे सगळे तो हवेत सोडतो आणि ते कुणाच्या पदरात पडते की नाही याची फिकीर करत नाही. म्हणून थापाड्यावर लोक चिडतात, फेकणाऱ्याला मात्र बरेचदा हसून पुढची फेक ऐकतात. राजकारणात 'फेकू' हे विशेषण एकमेकांना लावले जाते तेव्हा त्यातला हा मवाळपणा गळून पडतो आणि ते सरळ खोटारडा या अर्थाने वापरले जाते. यात शब्दाचे थोडे नुकसानच झाले आहे.

गेल्या काही वर्षांत या शब्दाला एक परका जुळा भाऊ येऊन मिळाला. 'फेक न्यूज', 'फेक अकाउंट', 'डीपफेक' यांतला फेक इंग्रजी, म्हणजे बनावट. देवनागरीत दोघांचे लेखन अगदी सारखे. 'ते सगळं फेक आहे' हे वाक्य इंग्रजी जाणणारा एका अर्थाने म्हणतो, न जाणणारा दुसऱ्या अर्थाने ऐकतो, आणि संभाषण कुठेही अडत नाही. भाषेत असा फुकटचा योगायोग क्वचित होतो. व्याकरण मात्र अजून दोघांना वेगळे ओळखते. मराठी फेक स्त्रीलिंगी आहे आणि विभक्तीच्या आधी ती फेकी होते: भालाफेकीचा सराव, दगडफेकीचा गुन्हा, संवादफेकीची तारीफ. पाहुणा बदलत नाही: डीपफेकचा तपास, फेक न्यूजची चौकशी. 'डीपफेकीचा तपास' असे अजून कोणी लिहीत नाही.